गजाननच्या रक्तातला पराट्यांचा भारा

त्या दुपारी लॅबमंदी कोन कोन होतं ते पहिले सांगते. सलमा मॅडम, आमच्या रक्त तपासनाऱ्या डॉक्टर. विनोद, मशीन चालवनारा टेक्निशियन. मी यशोदा, काचा धुनारी. बाकावर आडवा पडलेला गजानन, त्याचा धाकटा भाऊ संतोष, अन् त्या दोघाची माय चंद्रभागाबाई. दारात उभे होते दिनकरराव. त्याहीच्याच वावरात हे दोघं भाऊ फवारनीले जात.

चंद्रभागाबाईनं रिपोर्टचा कागद टेबलावरून मॅडमकडं परत सरकवला.

"हा कागद तुमचा तुमच्यापाशी ठेवा," ती म्हने. "मी लेकाले गावाले नेते. मिठाचं पानी पाजून उलट्या काढते. पोटातलं इख बाहेर पडलं की पोरगं उठून बसते."

मॅडम खुर्चीवरून उठल्या. "उलट्या काढू नका, बाई. जोर लागला तर डोक्यात रक्त फुटेल. मग काही करता येणार नाही."

"मले सगळं समजते," चंद्रभागाबाई म्हने. अन् तिनं दिनकररावाकडं पाह्यलं.

गोष्ट इथवर कशी आली ते आता सांगते.

मी त्या लॅबमंदी खामगावले लय वर्स काम केलं. शिकली मी चौथीपर्यंत. घरधनी गेल्यावर निंदन अन् कापूस येचनीवर घर चालेना, म्हून गाव सोडलं. पहिले लॅबमंदी झाडू मारला, मंग काचेच्या नळ्या धुतल्या, मंग मॅडमनं मले स्लाइड कराले शिकवलं. आमी तिले काचच म्हनत होतो. बोटाएवढी काचेची पट्टी असते. तिच्यावर रक्ताचा एक थेंब ठेवाचा अन् दुसऱ्या काचेनं पुढं ओढाचा. भुई सारवतो तसा एकच हात फिरवाचा, मधात थांबलं की पट्टा पडते अन् काच वाया जाते. मंग वाळवाची, तिच्यावर जांभळा रंग ओताचा, पानी घालाचं, धुवाची. तवा कुठं रक्तातल्या पेशी दुर्बिनीखाली दिसते. त्या रंगानं माही बोटं कायमची निळी राहत. भाकर थापतानाबी निळीच. सून म्हने, "आत्याबाई, तुमी पीठ नका मळू." मी म्हने, "मंग तू मळ." पन मळाले मीच बसो.

तो सीझन फवारनीचा होता. कपाशीचं बीटी बियानं नवं आलं तवा लोक म्हनत, आता अळीची कटकट गेली. काही वर्सं बरी गेली. मंग अळी बोंडाच्या आत जाऊन बसाले लागली, वरून काही दिसेना. लोकाईनं फवारनी वाढवली. ह्या औषधात ते औषध मिसळून माराले लागले. पराटी म्हंजे कपाशीचं झाड. त्या वर्सी पराटी मानसाच्या डोक्यावर गेली होती. तिच्यात पंप घेऊन शिरलं की सगळं औषध तोंडावरच उलटून ये. डोळे लाल झालेली, तोंडातून लाळ गळनारी, घामानं भिजलेली मानसं दवाखान्यात येत. म्हून गावात कोनाले काहीबी झालं की एकच बोलनं, फवारनी लागली.

गजाननचंबी तसंच झालं. पिंपळगाव राजाच्या बाजूले त्याहीचं गाव. फवारनी करून आला अन् दोनचार दिवसानं नाकातून रक्त सुरू झालं. मंग हिरड्यातून. मंग मांडीवर, पोटावर निळे डाग, कोनी मारल्यासारखे. माय म्हने, इख अंगात भिनलं. दिनकरराव घाबरले. वावरात काम करताना मजुराले इखबाधा झाली म्हटलं की पोलीस येते, पंचनामा होते. म्हून त्याहीनं गजाननले सरकारी दवाखान्यात नेलंच नाई. आपल्या वळखीच्या डॉक्टरकडं नेलं अन् सांगतलं, "ताप आहे, साधा ताप." फवारनीचं नावबी काढलं नाई. डॉक्टरले वाटलं डेंगू असन. त्याहीनं रक्त तपासाले आमच्याकडं पाठवलं.

विनोदनं रक्त मशीनमंदी घातलं. मशीन म्हंजे पेशी मोजनारा डबा. कागद बाहेर आला. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट लयच कमी. प्लेटलेट म्हंजे रक्तातले बारीक दाने, जखम झाली की तेच जमा होऊन रक्त थांबवते.

"अजून एक डेंगू, मावशी," विनोद म्हने.

"काच करू का?"

"करा. नाईतर मॅडम माही काच करतीन."

मॅडमचा तसा नेमच होता. प्लेटलेट इतक्या खाली आल्या की मशीनच्या कागदावर त्या सही करत नसत, आपल्या डोळ्यानं काच पाहत. सीझनमंदी ढीगभर सॅम्पल पडलेले असत, तरी पाहत. काच पाहताना त्या तोंडातल्या तोंडात गानं गुनगुनत. कोन्या शिनेमातलं ते त्याईलेच ठाऊक, सूर काही लागे नाई.

त्या दिवशी मधातच गानं थांबलं.

"मावशी, हिच्यासारखी अजून एक करा. रंग ताजा घ्या."

मी केली. त्याहीनं तेबी पाह्यली. मंग विनोदले बोलावलं. विनोद वाकून पाहत राह्यला अन् म्हने, "मॅडम, हे तर..."

"हो," मॅडम म्हनल्या. "शिकताना पाहिली होती. इथं बसून पहिल्यांदाच."

त्याहीनं मले साध्या भाषेत सांगतलं. हा रक्ताचा कॅन्सर होता, पन त्यातली एक येगळीच जात. पेशी कच्च्या राहते अन् तिच्या पोटात लाल काड्या साचते, मोळी बांधल्यासारख्या. त्या काड्या अशा मोळीनं दिसल्या की दुसऱ्या कशाचा संशय फारसा उरत नाई. पहिल्या दिवसाईत हा कॅन्सर मानसाले रक्त वाहून वाहूनच मारते. पन येळेवर गोळ्या सुरू झाल्या त बाकीच्या कॅन्सरपेक्षा हाच जास्त बरा होते.

"आज नागपूरला पोचला तर पोरगा जगेल," मॅडम म्हनल्या. "उद्यावर ढकललं तर मी काही सांगू शकत नाही."

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरले त्याहीनं फोन लावला. तिकडून निरोप आला, ताबडतोब पाठवा, खाट धरून ठेवतो. इथवर सगळं बरोबर चाललं होतं.

मंग मॅडमनं घरच्याईले आत बोलावून सांगतलं. फवारनीची इखबाधा नाई, डेंगू नाई, रक्ताचा कॅन्सर आहे, अन् याले औषध आहे. औषध आहे हे त्या दोनदा म्हनल्या.

कोनी काही बोलाच्या आत दारातून दिनकररावाचा आवाज आला. "मी म्हनलंच होतं! फवारनीचं नाई म्हून मी पहिल्या दिवसापासून म्हनून राह्यलो!"

इतका मोकळा आवाज, जसं कोनी त्याहीच्या मानेवरचं जू काढलं. संतोषनं झटकन मान वळवून त्याईले पाह्यलं. चंद्रभागाबाई हळूहळू वळली. तिच्या डोळ्यात जे आलं ते मले समजलं. मालकानं डॉक्टर फोडला, असं तिले वाटलं. तिच्या जागी मी असती त मलेबी तेच वाटलं असतं.

तवा तिनं कागद परत सरकवला.

मी तिले बाजूले घेतलं. म्हनलं, "बाई, ह्या मॅडम तशातल्या नाई. मी रोज पाहते."

"तू पगार कोनाचा खाते?"

"मॅडमचा."

"मंग तू दुसरं काय सांगशीन? अन् कॅन्सर कधी असा चार दिवसात होते काय गं? माहा पोरगा पोळ्याले बैलापुढं नाचत होता! लेकराचं दुखनं तुले काय समजते?"

माहा मोठा लेक तापातच गेला होता. त्याचं रक्त कोनी काचेवर घेतलं नवतं, घेतलं असतं त काय दिसलं असतं ते मले आजबी मालूम नाई. पन ते मी तिले सांगतलं नाई. बाकावर गजानन रक्त थुकून राह्यला होता, अन् संतोष त्याच्यासमोर वाटी धरून बसला होता. आपलं सांगाची ते येळ नवती.

मी इतकंच म्हनलं, "मंग तुहा भरोसा कशानं बसन ते सांग."

तिनं थोडा इचार केला. मंग ती सरळ मॅडमच्या टेबलापाशी गेली.

"आमच्या गावात कापूस घेनारा येते," ती म्हने. "नवा असला की आमी त्याले एकाच ढिगातला कापूस दोन फडक्यात बांधून दाखवतो. एक फडकं कोरडं म्हनला अन् दुसरं ओलं म्हनला, त समजाचं, हा कापूस पाहत नाई, आपलं तोंड पाहते. तसं तुमी करून दाखवता काय?"

विनोद उसळला. "ओ बाई, मॅडमची परीक्षा घेऊन राह्यल्या काय? इथं डॉक्टर लोक यांना इचाराले येते!"

"डॉक्टर लोकाईचा लेक नाई बाकावर. माहा आहे."

मॅडमनं विनोदले हातानं गप्प केलं. त्या हसल्या. खरं सांगते, मले वाटलं रागावतीन. "घ्या परीक्षा," त्या म्हनल्या. "पण लवकर घ्या. कशी घेणार?"

चंद्रभागाबाईनं सांगतलं. नळीतलं रक्त चालनार नाई, नळी बदलली असन. दोघाई लेकाचं बोट तिच्यासमोर टोचाचं. संतोषनंबी तोच पंप, तेच औषध, त्याच वावरात मारलं होतं. काचा तिच्यासमोर कराच्या, निशान्या ती करन, अन् मॅडमनं वळखाचं कोनाची कोनती. तोवर मॅडमनं आतल्या खोलीत बसाचं. विनोदनंबी. दिनकररावाईनं गाडीत.

"मीबी?" दिनकरराव म्हने.

"तुमी पहिले," ती म्हने. ते मुकाट्यानं बाहेर गेले.

राह्यलो मी अन् ती.

संतोषचं बोट टोचलं. त्याच्या काचा तिनं दोन मागतल्या. केल्या. मंग म्हने, "अजून एक कर. फुटली-बिटली त असू दे." तेबी केली. संतोषनं अंगठ्यानं बोट दाबलं, लगेच रक्त थांबलं.

मंग गजाननचं. एकच थेंब घेतला, एकच काच केली. पन बोट काही थांबेना. मी कापसाचा बोळा दाबून बसली, कापूस लाल. दुसरा बोळा, तोबी लाल. गजानन म्हने, "मावशी, जरा सैल धरा, बोट तोडता काय?" मी म्हनलं, "बोट राहीन तुह्यापाशी, तू हलू नको." त्याची माय उभी राहून पाहत होती. एकदा संतोषच्या बोटाकडं, एकदा याच्या.

काचेवर निशानी कराची एक पेन्सिल असते, तिनं काचेवर ओरखडा उमटते. मी ते तिच्या हातात दिली अन् पाठ केली. तिनं आपल्या मनानं काय ओरखडे मारले ते मी पाह्यलं नाई. मंग मी चारी काचा रंगवल्या. तो रंग नाकाले झोंबते. ती पदर नाकाले लावून तिथंच उभी राह्यली, एक पळ हलली नाई. धुतल्या, वाळवल्या. उचलाले मी हात लावला त म्हने, "ठेव, मी नेते." तिनं तळहातावर काचा घेतल्या अन् आत गेली. तीन काचा मॅडमपुढं मांडल्या. माहं ध्यान गजाननच्या बोटावर होतं, मी मोजल्या नाई.

आता मॅडमनं वळखाचं. मी दारात उभी राह्यली.

पहिली काच. मॅडम पाहत राह्यल्या. "ही निरोगी."

दुसरी. "ही निरोगी."

मंग उरलेली तिसरी. मले वाटलं झालं, आता हीच म्हनतीन, गाडी काढता येईन. मॅडम तिच्यावर वाकल्या. काच इकडं सरकवली, तिकडं सरकवली. वर तेलाचा थेंब टाकून अजून जवळून पाह्यलं. मंग पहिली परत लावली. मंग दुसरी. मंग परत तिसरी. रंग चुकला काय माह्या हातानं? का थेंब घेताना काही झालं? मॅडमनं सकाळी पाह्यलं ते खोटं होतं काय?

मॅडमनं डोळे वर केले. "बाई, ही पण निरोगी. यात त्याची काच नाही."

"नीट पाहा," चंद्रभागाबाई म्हने. "तीन काचा आहेत. दोन लेक आहेत."

"नीटच पाहिलं. तुम्ही कितीही वेळा विचारा. यात त्याची नाही. असती तर मला दिसली असती."

बाहेर बाकावर गजानन खोकलला.

चंद्रभागाबाईनं पदराची गाठ सोडली. आतून चौथी काच काढली अन् टेबलावर ठेवली.

विनोद म्हने, "बाप्पा!"

मॅडमनं काच लावली. नजर खाली गेली अन् लगेच म्हनल्या, "ही. ही गजाननची." मंग उठून खुर्ची तिच्याकडं सरकवली. "बसा. तुम्हीच पाहा."

पहिल्या खेपेले तिले काही दिसलं नाई. म्हने, "काळे केस दिसून राह्यले."

"ते तुमच्या पापणीचे आहेत," मॅडम म्हनल्या. "डोळा थोडा वर घ्या. आता?"

ती पाहत राह्यली. मॅडमनं पहिले संतोषची काच लावून दाखवली, मंग परत गजाननची. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती वाकली होती. हातावर कापूस येचताना लागलेल्या काट्याच्या जुन्या खुना होत्या.

"हे लाल लाल काय आहे?"

"त्याच काड्या."

"पराट्या उपटून भारा बांधतो तसं दिसते," ती म्हने. "एकावर एक रचलेलं. हे त्याच्या अंगात आहे?"

"हो. सगळ्या रक्तात."

"अन् संतोषच्यात एकबी नाई."

"नाही."

ती उठली. तिनं रडनं नाई काढलं. "हे फवारनीनंच झालं असन ना?" तिनं इचारलं.

मॅडमनं थापा मारल्या नाई. "कशानं झालं ते मी सांगू शकत नाही. औषधं वाईटच आहेत, संतोषलाही मारू देऊ नका. पण हे विष नाही, ते उलटीनं निघणार नाही. याची गोळी नागपूरला आहे."

"मंग इथं कायले बसलो?" चंद्रभागाबाई म्हने, जसं आमीच तिले बसवून ठेवलं होतं. ती बाहेर गेली अन् दिनकररावाच्या गाडीची काच ठोकली.

"काढा गाडी. नागपूरले."

"मी? माहं उद्या..."

"फवारनीचं नाई म्हनत होते ना तुमी? मंग आता भेव कशाचं? काढा."

दिनकररावाईनं गाडी काढली. त्या मानसाले मी वाईट म्हननार नाई. रस्त्यानं खड्डा चुकवत नेलं अन् तीन दिवस तिकडंच राह्यले, असं संतोषनं मंग सांगतलं. मॅडमनं गजाननच्या सकाळच्या दोनी काचा कागदात गुंडाळून संगं दिल्या, अन् गजाननले बजावलं, रस्त्यात कोनाकडून कमरेत सुई घ्याची नाई, दातात काडी घालाची नाई. कापसाच्या बोळ्याची पिशवी मी दिली.

नागपूरले हाडातलं पानी काढून तपासलं. तेच निघालं. त्याच रोजी गोळ्या सुरू झाल्या. सोपं गेलं नाई. मधात त्याच्या छातीत पानी भरलं, श्वास लागला, मायले दवाखान्याच्या ओट्यावर झोपावं लागलं. डोक्याचे केस गेले. त्या वर्सी त्याहीच्या घरात येचनीले हात नवते, कापूस झाडावरच लोंबला. पन रक्त थांबलं. मंग हळूहळू पेशी पिकाले लागल्या, कच्च्या राह्यल्या नाई. लय महिन्यानं गजानन लॅबमंदी आपल्या पायानं चालत आला. डोक्यावर कवळे केस उगवले होते, कोंबड्याच्या पिल्लासारखे. विनोदनं त्याले वळखलंच नाई, म्हने, "पेशंटचं नाव सांगा."

गजानन आता बकऱ्या पाळते. पंप खांद्यावर घेत नाई, मायनं घेऊ दिला नाई. संतोषलेबी नाई. लोक चंद्रभागाबाईले हसले, म्हने फवारनीनं झालं नाई म्हून डॉक्टरच म्हनली, मंग काऊन सोडलं? ती म्हने, "डॉक्टर म्हनली, सांगता येत नाई. सांगता येत नाई त मी कशाले घेऊ?"

मॅडमची ते परीक्षा विनोदनं गावभर सांगतली. पुढं नवा टेक्निशियन आला की मॅडम त्याले चार काचा द्याच्या अन् म्हनाच्या, यात खराब कोनती. चारीबी चांगल्या असायच्या. जो घाईनं एक उचले त्याले परत शिकाले बसवत. आजारी मानूस वळखनं एक काम आहे. जिथं आजार नाई तिथं नाई म्हननं दुसरं काम आहे, अन् मले वाटते तेच जड आहे.

मी आता घरी असते. बोटं धुवून धुवून पांढरी झाली. हे कोनी वाचत असन त त्याले माहं एकच मागनं आहे. घरात कोनाच्या हिरड्यातून रक्त येऊन राह्यलं असन, न लागता अंगावर निळे डाग पडून राह्यले असन, त आपल्या मनानं इख म्हनू नका, उलट्या काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा, अन् मशीनचा कागद हातात आला की इचारा, डॉक्टरनं काच पाह्यली काय. नसन पाह्यली, त पाह्याले लावा.